ऋणनिर्देशात नसलेला माणूस

प्रबंध बांधायला आला की मी तो पहिल्या पानापासून बघत नाही. आधी ऋणनिर्देशाचं पान काढतो. आभार कुणाकुणाचे मानलेत ते बोट लावून वाचतो, तोंड वाकडं करतो आणि मग दाभण हातात घेतो. अलिबागेत एसटी स्टँडमागच्या गल्लीत, पत्र्याच्या गाळ्यात बसून मी आयुष्यभर हेच केलं.

या अंकाचे संपादक घरी आले होते. म्हणाले, "हिराजीभाऊ, बाइंडिंगच्या धंद्यातले अनुभव द्या. तुम्ही नुसतं बोला, आमचा माणूस लिहून घेईल." मी म्हटलं, न्हाय. चौथीत दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा नापास झालो हे खरं, पण शिकलेल्या माणसांची एवढी बुकं ज्यानं शिवली त्याला स्वतःची चार पानं लिहिता येत नाहीत म्हणजे काय? ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही बघा. माझं वाक्य हलवायचं नाही. त्यांनी कबूल केलं, म्हणून लिहितोय.

ज्यांनी प्रबंध कधी हातात घेतला नाही त्यांच्यासाठी आधी सांगतो. कॉलेजातली माणसं एखाद्या विषयाच्या मागे चार-पाच वर्षं लागतात आणि शेवटी जे लिहून देतात तो प्रबंध. त्यात पुढे प्रमाणपत्र असतं, मग ऋणनिर्देश, म्हणजे आभार. मग अनुक्रमणिका, मग प्रकरणं, मग निष्कर्ष. सगळ्यात शेवटी संदर्भसूची. जी माहिती लिहिली ती ज्या पुस्तकांतून, कागदांतून, माणसांकडून मिळाली त्यांची ती यादी. हे सगळं माझ्याकडे सुटं यायचं. मी ते ठोकून सरळ करायचो, दाभणानं भोकं पाडून शिवायचो, शिकंज्यात दाबायचो, कडा कापायचो, मोरचूद घातलेल्या खळीनं पुठ्ठा चिकटवायचो. मोरचूद वाळवीसाठी. आमच्या खाऱ्या हवेत कागद दमट होतो आणि दमट कागद वाळवीला फार आवडतो. वर काळं नाहीतर मरून कापड, आणि कापडावर सोनेरी अक्षरात नाव. नाव अर्थात लिहिणाऱ्याचं.

माझ्या शेजारच्या गाळ्यात मनोहर. टायपिंगवाला. आधी टाइपरायटर होता, नंतर कॉम्प्युटर आला. आमच्या दोघांमध्ये प्लायवूडची एकच फळी. त्याच्याकडे खुर्च्या होत्या, पंखा होता, त्यामुळे गिऱ्हाईक त्याच्याकडे बसायचं. चहा त्याच्याकडे यायचा. विद्यार्थी, त्यांचे मार्गदर्शक सर, मॅडम, सगळे त्याच्याकडे बसून तासन्‌तास बोलायचे. माझ्याकडे यायचे ते गठ्ठा ठेवायला आणि "कधी मिळेल?" विचारायला.

आणि प्रत्येक ऋणनिर्देशात मनोहर. "सुबक टंकलेखन वेळेत करून देणारे श्री. मनोहर यांचा मी ऋणी आहे." दर वेळी. त्यात आईवडील असायचे, नवरा असायचा, सासूबाई असायच्या, ग्रंथपाल असायचे, पालीचा बल्लाळेश्वर असायचा. एकानं तर आपल्या स्कूटरचे आभार मानले होते, पाच वर्षं कधी बंद पडली नाही म्हणून. बाइंडर कुठेच नाही.

मी जळायचो. आता या वयात लपवून काय करू? मनोहरला एकदा विचारलं सुद्धा.

"अरे, साधी गोष्ट आहे," तो म्हणाला. "ते पान छापतात तेव्हा तुझं काम झालेलंच नसतं. न झालेल्या कामाचे आभार कोण मानील?"

"मग सासूबायनी त्या प्रबंधात काय काम केलेलं असतं?"

"पोरं सांभाळली असतील."

"आणि स्कूटर?"

यावर तो हसला. त्याचे दात चांगले होते, त्याचंही मला वाईट वाटायचं.

एकदा मी एक वाईट उद्योग केला. एका प्राध्यापकाच्या प्रबंधात ऋणनिर्देशाच्या पानावर मुद्दाम खळ सांडली. म्हटलं, "सर, एवढं एक पान खराब झालं, परत काढून आणा." मनात असं की आता माझं काम चालू आहे हे त्याला दिसतंय, तर परत छापताना दोन शब्द माझ्यासाठी घालील. सर पलीकडे गेले. दोन मिनिटांत मनोहरनं तेच पान जसंच्या तसं काढून दिलं. फळीतून मला ऐकू आलं, "मनोहरराव, तुम्ही आहात म्हणून निभावतंय बघा." मी खळ पुसत बसलो.

पण त्या फळीचा मला फायदाही झाला. चौथी नापास माणूस त्या फळीला पाठ लावून शिकला. पलीकडे एक म्हातारे सर यायचे, ते प्रत्येक पोराला तेच सांगायचे, त्यामुळे माझं पाठ झालं. ज्यानं स्वतः बघितलं, स्वतः ऐकलं, त्यानं त्याच वेळी लिहून ठेवलं, तो प्राथमिक स्रोत. ते वाचून मागाहून दुसऱ्यानं लिहिलं तो दुय्यम स्रोत. दुसऱ्याचं घेतलं आणि त्याचं नाव सांगितलं नाही, ती उचलेगिरी. एकानं सांगितलं तेवढ्यावर थांबायचं नाही, दुसरीकडून ताडून बघायचं, ती पडताळणी. आणि सांगणाऱ्याच्या मनात आधीच काही बसलेलं असेल तर तो पूर्वग्रह; मग त्याचं बोलणं टाकून द्यायचं नाही, पण तागडीत घालून घ्यायचं.

हे नुसतं ऐकून सोडलं नाही मी. माझ्या कामात वापरलं. कॉलेजच्या ग्रंथालयाची फाटकी बुकं माझ्याकडे यायची. त्यात एक जाडजूड इतिहासाचं बुक होतं. जुन्या छापाच्या बुकांत काही पानं वरून जोडलेलीच राहतात, वाचणाऱ्यानं सुरीनं कापायची असतात. या बुकाची शंभरावर पानं जोडलेली. म्हणजे आणल्यापासून कुणी उघडलंच नव्हतं. मी पुठ्ठा बदलला, पानं तशीच ठेवली. कापणं माझं काम नव्हे. पुढे एका दाढीवाल्या मुलाचा प्रबंध आला. त्याच्या संदर्भसूचीत ते बुक, आणि पृष्ठ दोनशे चाळीसचा हवाला. मी त्याला विचारलं, "हे बुक कुठं वाचलंत?"

"आपल्या कॉलेजच्याच ग्रंथालयात."

"दोनशे चाळीस पान?"

"हो."

"सुरी घेऊन गेला होता का?"

त्याला कळेना. मी सगळं सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला. दुसऱ्या कुणाच्या प्रबंधातून त्यानं तो हवाला उचलला होता, आणि त्या दुसऱ्यानं तिसऱ्याच्या. मी ते पान काढायला लावलं तेव्हाच बांधणीला घेतलं. मनोहरनं तेच पान टाइप केलं होतं आणि त्याला पत्ताही नव्हता. त्या दिवशी मी आपणहून दोन चहा मागवले आणि एक त्याच्याकडे पाठवला.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती.

मनोहरचे वडील गुरुजी होते. हा आणखी एक काटा. माझे वडील मिठागरावर, सहीच्या जागी अंगठा लावणारे, आणि त्याचे वडील लिहिणारे. गुरुजी आधी पालीकडच्या एका गावात शाळेवर होते, मग बदली होऊन किहीमजवळ आले. दोन्हीकडे त्यांनी एकच नाद केला. शाळा सुटली की लग्नघरी जाऊन बसायचे आणि धवलारणीच्या तोंडचे धवळे उतरून घ्यायचे. आमच्याकडे लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत जी गाणी म्हणतात ते धवळे, आणि ती म्हणणारी जाणती बाई ती धवलारीण. पालीकडचे धवळे एका वहीत, किहीमचे दुसऱ्या वहीत.

गुरुजी गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मनोहर त्या वह्या दोन फडक्यांत बांधून माझ्याकडे घेऊन आला. वाळवीनं पुठ्ठे खाल्लेले, शिवण सुटलेली, पानांवर आकडे नाहीत. गावाचं नाव फक्त पुठ्ठ्यांवर लिहिलेलं, ते वाळवीच्या पोटात. म्हणून त्यानं फडक्यांना चिठ्ठ्या लावल्या होत्या. "हिराजी, जीव ओतून बांध. बाबांचं आहे."

जीव ओतूनच बांधल्या. घडीच्या वह्या होत्या. चार कागद एकात एक घालून घडी मारली की सोळा पानांचा गठ्ठा होतो, त्याला आम्ही फर्मा म्हणतो. असे फर्मे एकामागे एक ठेवून घडीतून दोऱ्यानं शिवत जायचं, ती जुजबंदी. शिवायच्या आधी मी एक काम कायम करतो. सगळे फर्मे एकावर एक लावले की त्यांच्या पाठीवर पेन्सिलीनं तिरक्या खुणा करतो, पहिल्या फर्म्यावर वरच्या टोकाला, दुसऱ्यावर जरा खाली, तिसऱ्यावर आणखी खाली, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. शिवताना एखादा फर्मा मागेपुढे झाला की पायरी तुटलेली दिसते. वरून कापड चढलं की या खुणा कुणाला दिसत नाहीत.

पालीची वही शिवून झाली. किहीमचीही खुणा करून शिवायला घेतली. तेवढ्यात कागद सरळ व्हावेत म्हणून ठेवलेल्या फळीखाली एक फर्मा निघाला. कडा चिकटवून वाळत ठेवलेला, विसरून गेलेला. त्याला जुन्या शिवणीची तीन भोकं होती. पालीच्या वहीच्या सगळ्या फर्म्यांना तीनच भोकं होती, किहीमच्या वहीला चार. म्हणजे तो कुठला, हे मला तिथंच कळलं होतं. वाचक हो, मला कळलं होतं.

पण पालीची वही शिवून दाबून तयार होती, आणि ती किहीमच्या वहीपेक्षा जाड झाली होती. दोन्ही शेजारी ठेवल्या तर जोडी दिसेना. मला ती जोडी दिसायला हवी होती. मनोहर सगळ्यांना दाखवणार, बाबांच्या वह्या, बाबांच्या वह्या; निदान एकानं तरी म्हणावं, बांधल्या कुणी? मी तो फर्मा किहीमच्या वहीच्या मधोमध घातला आणि शिवून टाकला. गुरुजी प्रत्येक गाणं नव्या पानावर सुरू करायचे, अक्षर तेच, शाई तीच, त्यामुळे सांधा दिसला नाही. दोन्ही वह्या सारख्या जाडीच्या झाल्या. मरून कापड, सोनेरी अक्षरं, 'पाली' आणि 'किहीम'. माझ्या हातून त्याच्याहून देखणं काम झालेलं नाही.

बांधल्या कुणी, हे कुणी विचारलं नाही.

मग बऱ्याच वर्षांनी प्रणाली आली. रेवदंड्याकडची, प्राथमिक शाळेत शिकवणारी, नोकरी आणि दोन मुलं सांभाळून धवळ्यांवर पीएचडी करणारी. मनोहरनं तिला गुरुजींच्या वह्या दिल्या. ती त्याच्याकडे बसून टाइप करून घ्यायची आणि मी पलीकडे फळीला पाठ लावून ऐकायचो. एक दिवस ती तिसरं प्रकरण वाचून दाखवत होती. किहीमच्या वहीत मधोमध सरसगडाचं नाव येतं, गडाच्या सावलीत मांडव घातल्याचं वर्णन येतं. आता सरसगड पालीच्या डोक्यावर. किनाऱ्यावरच्या बायका त्याचं नाव का घेतील? म्हणजे ही गाणी म्हणणारी घरं कधीकाळी पालीकडून इकडे उतरली असली पाहिजेत. असं ते प्रकरण.

"अख्खं प्रकरण या सोळा पानांवर उभं आहे, मनोहरकाका," ती म्हणाली.

माझ्या हातातली सुई थांबली. आणि खरं सांगतो, पहिल्यांदा मला बरं वाटलं. मनोहरच्या कॉम्प्युटरवर, मनोहरच्या बापाच्या वहीवरून, एवढं मोठं चूक चाललंय आणि ते फक्त मला ठाऊक आहे. दोन दिवस मी त्यावरच खूश होतो.

तिसऱ्या दिवशी ती कापडाचा रंग ठरवायला माझ्याकडे आली. उभ्या उभ्या नाही, चक्क खळीच्या डब्याशेजारच्या स्टुलावर बसली. पिशवीतून दोन्ही वह्या काढल्या.

"काका, या तुम्ही बांधल्यात ना?"

"व्हय."

"मला वाटलंच. किती सुंदर काम आहे. माझा प्रबंधही असाच हवा." आणि मग तिनं वही-पेन काढलं. "एक विचारायचं होतं. बांधताना पानं ज्या क्रमानं आली त्याच क्रमानं लावलीत ना? मध्ये काही हललं नाही ना?"

एवढ्या वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मला वाटतं कुठल्याच बाइंडरला कुणी विचारला नसेल.

"जशी आली तशी लावली, बाय," मी म्हटलं. "माझ्या हातून पान हलत न्हाय."

तिनं ते लिहिलं. वर तारीख घातली. "पूर्ण नाव सांगा तुमचं."

"कशाला?"

"तळटीपेत टाकायला. पानाखाली बारीक अक्षरात. वहीचा क्रम मूळचाच आहे असं बांधणाऱ्यानं स्वतः सांगितलं, तर त्याचं नाव द्यायला नको? तुम्ही माझा स्रोत झालात, काका."

मी नाव सांगितलं. वडिलांचं आणि गावाचंही सांगितलं, न विचारता.

घरी जाऊन बायकोला सांगितलं, माझं नाव प्रबंधात येणार. ती मासे साफ करत होती. "कशाबद्दल?" तिनं विचारलं.

"कामाबद्दल."

"चांगल्या कामाबद्दल ना?" ती आपली सहज म्हणाली आणि सुरमईची शेपटी उडवली. मला मात्र त्या दिवशी सुरमई गोड लागली नाही.

दोन दिवसांनी मनोहरनं फळीवर टकटक केलं. "ये रे हिराजी. ये, बघ, आलास बाबा एकदाचा प्रबंधात."

गेलो. त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. पानाच्या तळाला बारीक अक्षरात माझं पूर्ण नाव होतं, वडिलांसकट. पुढे 'बांधणीकार', आणि 'प्रत्यक्ष मुलाखत'. मी चष्मा पुसून परत वाचलं. असं वाटलं की माझ्या सोनेरी अक्षरांपेक्षा ती बारकी अक्षरं मोठी आहेत. मग त्याच्या वरची ओळ वाचली. वहीचा क्रम मूळचाच आहे, असं लिहिलं होतं. माझ्या नावावर.

"पुस ते," मी म्हटलं.

"काय?"

"माझं नाव पुस."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? जन्मभर कुरकुर केलीस, आभारात नाव नाही, आभारात नाव नाही. आता आलंय तर पुस?"

"खोट्यावर आलंय." आणि मी त्याला सगळं सांगितलं. फळीखालचा फर्मा, तीन भोकं, जोडीची जाडी. सगळं.

मनोहर लाल झाला. एवढ्या वर्षांत मी त्याला आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. "बाबांच्या वहीत ढवळाढवळ केलीस? आणि आज सांगतोस? की आजच काहीतरी रचतोयस? पोरीचं सबमिशन सोमवारी आहे!"

"म्हणून तर सांगतोय."

त्यानंच प्रणालीला फोन लावला. शाळा सुटल्यावर ती एसटीनं आली. मी परत सगळं सांगितलं. मनोहर मध्येच म्हणाला, "प्रणाली, याच्या शब्दावर प्रकरण बदलू नकोस. तूच म्हणतेस ना, साक्ष देणाऱ्याचा हेतू बघावा लागतो? हा माझ्यावर जळतो. पहिल्यापासून जळतो. बाबांच्या वह्यांवरही जळतो. अख्ख्या गल्लीला माहीत आहे."

मला वाटलं होतं मी उलट बोलेन. पण तो खोटं काय बोलत होता?

"जळतो," मी म्हटलं. "ते खरं हाय."

प्रणालीनं दोघांकडे बघितलं. "मनोहरकाका, तुमचं बरोबर आहे. पण वही तुमच्या वडिलांची आहे, म्हणजे तुम्हीही अगदी तटस्थ नाही. आणि हिराजीकाकांनी दोन दिवसांत मला दोन गोष्टी सांगितल्यात, एकमेकींच्या उलट. मी कुठली घेऊ?" मग माझ्याकडे वळून, "काका, पुरावा काय?"

"वहीच्या आत हाय. उघडावी लागंल."

"फाडायची?" मनोहर ओरडला.

"उसवायची. फाडणं आणि उसवणं यात फरक असतो, मनोहर. परत बांधून देईन."

तो खुर्चीवरून उठला, प्रणालीनं परत आणून दिलेल्या दोन्ही वह्या कपाटातून काढल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. पहिल्यांदाच तो माझ्या गाळ्यात येऊन बसला, कागदाच्या गठ्ठ्यावर.

मी किहीमच्या वहीचं कापड पाठीवरून सुरीनं सोडवलं. एवढी देखणी पाठ मी पुन्हा करू शकणार नव्हतो हे मला माहीत होतं. खळ ओल्या फडक्यानं मऊ केली, पाठीला चिकटवलेली कापडी जाळी काढली, आणि शिवलेली पाठ उजेडात धरली. पेन्सिलीच्या पायऱ्या अजून होत्या. एक, दोन, तीन, चार, मग एक कोरा फर्मा, आणि मग पाचवी पायरी, सहावी, सातवी. जिना कुठे तुटला नव्हता. त्यात एक बिनखुणेचा घुसलेला होता.

"हा तो," मी म्हटलं.

प्रणाली वाकून बघत होती. "पण हे एकच झालं. खूण करायची राहूनही जाऊ शकते. दुसरं काही?"

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. उलट वाटलं, अशी एक जरी आधी भेटली असती. "भोकं मोज," मी म्हटलं.

तिनं दोरा सोडवून तो फर्मा बाहेर घेतला, मी पाडलेली नवी भोकं बाजूला ठेवून जुनी मोजली. तीन. आजूबाजूच्या फर्म्यांची मोजली. चार, चार, चार. मग मी पालीच्या वहीची पाठही उसवली. तीन, तीन, तीन. तो सुटा फर्मा पालीच्या फर्म्यावर ठेवला आणि दाभण घातलं. तिन्ही भोकांतून सरळ आरपार गेलं.

मनोहरनं दाभणाचं टोक बोटानं चाचपून बघितलं.

"म्हणजे किहीमच्या बायकांनी सरसगडाचं नाव घेतलंच नव्हतं," प्रणाली म्हणाली. आवाज बारीक झाला होता. मग एकदम तिनं विचारलं, "काका, परवा मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

"नाव येणार होतं म्हणून."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं शाळेत एखाद्या पोराकडे बघत असेल. मग वही काढली आणि तेही लिहून घेतलं. तारखेसह.

सोमवारचं सबमिशन हुकलं. तिनं मुदत वाढवून घेतली, तिसरं प्रकरण टाकून दिलं आणि नव्यानं लिहिलं. आता त्यात असं आहे की दोन्हीकडचे धवळे वेगळे आहेत, कसे वेगळे आणि का. फळीतून ऐकताना मला ते आधीपेक्षा बरं वाटलं, पण माझं मत विचारात घ्यायचं कारण नाही. त्या दिवसांत मनोहर माझ्याशी कामापुरतं बोलायचा. दोन्ही वह्या मी परत शिवल्या. आता एक जाड आहे आणि एक बारीक, आणि जोडी दिसत नाही.

सुधारलेला प्रबंध टाइप होत होता तेव्हा प्रणाली मला म्हणाली, "काका, ती चूक लिहावीच लागेल. पण तुमचं नाव नाही टाकत. 'बांधणीच्या वेळी' एवढंच लिहिते. उगाच तुम्हाला लाज नको."

"न्हाय," मी म्हटलं. "नाव टाक. बिननावाच्या माणसानं सांगितलेलं कोण खरं धरील? उद्या कुणाला पडताळायचं असेल तर विचारायला येईल कुठं?" हे मी फळीमागून शिकलेलं होतं, आणि माझ्यावरच वापरायची पाळी आली.

प्रबंध बांधायला आला. चार प्रती. नेहमीसारखं आधी ऋणनिर्देशाचं पान काढलं. मार्गदर्शक, नवरा, मुलं, शाळेच्या मुख्याध्यापिका, धवलारणी, आणि मनोहरवर अख्खा परिच्छेद. टंकलेखन, वह्या, गुरुजींचं ऋण, सगळं. मी त्यात नव्हतो. एवढं होऊनही नव्हतो. जुनी जागा परत दुखली. मग तिसऱ्या प्रकरणाची तळटीप शोधली. ती अशी आहे: "किहीम वहीतील सोळा पाने मूळ पाली वहीतील होत. दोन्ही खंडांची जाडी सारखी दिसावी म्हणून ती येथे घातली गेली, असे बांधणीकार हिराजी यांनी स्वतः सांगितले. त्यांनी आधी याउलट सांगितले होते. जुन्या शिवणीची भोके व फर्म्यांवरील खुणा यांवरून नंतरच्या कथनाची पडताळणी केली." आणि मागे संदर्भसूचीत, प्राथमिक स्रोतांत, गुरुजींच्या दोन वह्या आणि त्यांच्या खाली मी. गुरुजींच्या नावावर दोन वह्या, माझ्या नावावर एक चूक आणि एक लबाडी. तेही मला बोचलं. कमी बोचलं, एवढंच.

प्रती न्यायला प्रणाली आली तेव्हा मी सरळ विचारलंच. "बाय, आभारात मी का न्हाय?"

तिनं प्रती छातीशी धरल्या होत्या. नवीन खळीचा वास येत होता. "काका, आभारात कुणाचंही नाव टाकता येतं," ती म्हणाली. "तिथं पुरावा कोण मागतंय? तुम्हाला मी पुरावा लागतो तिथं ठेवलंय."

फळीपलीकडे मनोहरचं टाइपिंग चालू होतं.

"बाय," मी म्हटलं, "परत एकदा सांग. जरा मोठ्यानं."